बाटलीच्या तळाशी

आश्वेच्या स्पामध्ये रिकाम्या बाटल्या
फेकायच्या नसतात, मोजून परत द्यायच्या असतात.
जसिंता मॅडमच्या वहीत तसा रकानाच आहे.
एक मी दिली नाही.
तळाशी सहा-सात थेंब होते,
उलटी धरली की तोंडाशी अडून बसणारे,
जवळजवळ पाण्यासारखे, किंचित पिवळट.
नावावरून वाटतं जांभळं असेल. नसतं.

लॅव्हेंडरचं फूल मी पाहिलेलं नाही.
सहा वर्षं माझ्या हातांना त्याचा वास आहे.
कदंबात शेजारी बसणारी पेडण्याची मास्तरीण
दर पावसाळ्यात एकदा विचारते, साबण कुठला गो?

शिकवायला आलेल्या बाईंनी लिहून घ्यायला लावलं होतं:
नुसतं तेल कातडीवर घालायचं नाही.
चमचाभर खोबरेलात दोन थेंब, तिसरा नाही.
डोळ्यांपासून लांब. पोटात तर नाहीच.
पोटुशी बाई आली तर आधी विचारायचं.
झोप येते म्हणतात. मी पाहिलंय,
उन्हात भाजून लाल झालेली उंच माणसं
माझ्या अंगठ्याखाली
वाक्याच्या मध्येच घोरायला लागतात.
तेलाने की अंगठ्याने, ते मला सांगता येणार नाही.
बिलावर तेल लिहितात.

आईचा वास तापात गेला.
म्हणजे, आईला वास येणं गेलं.
आमच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे,
आणि ती सुरंगीवाली, म्हणून दोन्ही खरं.
तीस वर्षं म्हापशाच्या शुक्रवारी
केळीच्या पानावर वळेसर मांडून बसणारी बाई,
आजची कळी कुठली, उद्याची कुठली
ते पहाटेच्या अंधारात नाकाने निवडणारी.
आता गिऱ्हाईक वळेसर नाकाशी नेतं
आणि आई त्याच्या तोंडाकडे बघत राहते.

डॉक्टर म्हणाले, नाकाला शाळेत घाला.
सकाळ-संध्याकाळ चार वास, एकेकाचं नाव मनात घेत.
महिने लागतील. कदाचित येणारही नाही.
लवंग ठेवली. लिंबाची साल ठेवली. कापूर.
चौथी सुरंगी, मी म्हटलं.
आईने मान हलवली.
ती नको. तीच आली नाही तर?

म्हणून चौथी ही बाटली.
कापसाला एक थेंब, कापूस जुन्या जायफळाच्या डबीत,
झाकण घट्ट, नाहीतर दोन दिवसांत उडून जातं.
आई डोळे मिटून बसायची,
न येणाऱ्या पाहुण्याला चहा ठेवल्यासारखी.
कायच ना.
कायच ना गो.
शिगमो आला, ढोल दारावरून गेले, कायच ना.

वैशाखात एका संध्याकाळी
डबी हातात, आणि तिचे डोळे एकदम उघडले.
धने कोण भाजतंय?
शेजारी चूल पेटलेली नव्हती. आमची तर नव्हतीच.
मी दार लावून घेतलं, उगाच.
पुन्हा हुंगलं तिने. धनेच गो. लांब कुठेतरी.

रात्री मी ती वही शोधली.
तिसऱ्या पानावर, माझ्याच अक्षरात:
लिनालूल. लॅव्हेंडरमध्ये असतं, धन्यातही असतं.
परीक्षेला ते आलं नव्हतं.
आईला मी हे वाचून दाखवलं नाही.
तिने आपल्या नाकाने काढलेलं नाव आहे,
राहू दे.

लवंग अजून मुकी आहे.
सुरंगीचा हंगाम संपला, पुढच्या वर्षाचं पुढच्या वर्षी.
बाटली कोरडी पडली आणि मी ती
दुसऱ्या रिकाम्यांच्या मध्ये उभी करून आले.
जसिंता मॅडमनी मोजली, माझ्याकडे बघितलं,
रकान्यात आकडा खोडून नवा लिहिला.

आता कामावरून आले की
आई माझा तळहात ओढून नाकाशी नेते
आणि विचारते,
आज कितल्यांक धने चोळले गो?
चार, मी म्हणते.
एक झोपला नाही. नुसता रडला.